इथून फाडा

पाकिटावर जिथे 'इथून फाडा' असं लिहिलेलं असतं, तिथून पाकीट फाटत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाण दाखवलेला असतो, कात्रीचं चित्र काढलेलं असतं आणि पाकीट मात्र ढिम्म. मग आपण दुसरा कोपरा धरतो, मग तिसरा, मग दात लावतो, आणि शेवटी अर्धा माल अंगावर सांडून पाकीट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आता ज्यांचा हा उद्धार होतो तीही माणसंच असतात, त्यांनाही घरदार असतं, सासू असते, याचा विचार त्या वेळी कोण करतो?

कारखान्यात तिला सगळे इथूनबाई म्हणत. पाकिटांच्या त्या कारखान्यात ती तपासणीच्या खोलीत कामाला होती, आणि 'इथून फाडा' या दोन शब्दांशेजारची इवलीशी खाच आपलं काम चोख करते की नाही हे बघणं तिच्याकडे होतं. तिचं खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं. पण ते कार्ड एकदा धुण्यात गेलं, आणि तेव्हापासून साहेबसुद्धा फोनवर "इथूनबाईंना पाठवा" असंच म्हणू लागले.

काम ऐकायला सोपं. मोठमोठ्या रिळांवरून प्लॅस्टिकचा पातळ कागद यायचा, त्याची पाकिटं कापली जायची, ज्याचा जो माल असेल तो त्यांत भरला जायचा, पावडर, शाम्पू, सॉस, आणि कडा गरम करून चिकटवल्या जायच्या. त्यातली मूठभर पाकिटं इथूनबाईच्या टेबलावर येत. आधी एक पट्टी कापून ती यंत्राच्या दोन चिमट्यांत अडकवायची. या यंत्राला सगळे पैलवान म्हणत. पैलवान पट्टी दोन्हीकडून ओढायचा आणि काटा पुरेसा वर गेला की माल पक्का. मग इथूनबाई पाकीट हातात घ्यायची आणि खाचेतून फाडायची. टर्रकन फाटलं की पास.

या टर्रकनमागचं शास्त्र ती कुणालाही, कुठेही, न विचारता सांगत असे. प्लॅस्टिक आपणहून फाटायला तयार नसतंच मुळी. दोन्ही हातांनी ओढा, ते लांबतं, पांढरं पडतं, पण सुटत नाही, कारण ओढ सगळ्या कडेवर वाटली जाते आणि सगळे मिळून ती सोसतात. पण कडेला नखाएवढी खाच पाडा. मग सगळा भार खाचेच्या टोकाशी जो कण बसलेला असतो त्या बिचाऱ्या एकट्यावर येतो. तो सुटला की त्याच्या पुढच्यावर, तो सुटला की त्याच्या पुढच्यावर.

"म्हणजे घरातल्या सुनेसारखं," हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. "मला नको सांगूस. मीही सून होते."

बोटं तर तिची अशी तयार की इमारतीत कुणाचं काही उघडेना झालं की बेल तिच्याच दाराची वाजे. ती उंबऱ्यात उभ्या उभ्या पाकीट हातात घेई, डोळे बारीक करी, एका झटक्यात तोंड मोकळं करी आणि थेंब न सांडता परत देई. शेजारीण आभार मानून गेली तरी ती थोडा वेळ दारातच थांबे, न जाणो आणखी कुणी येत असेल. तिला स्वतःच्या बोटांचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नसे.

या अभिमानाच्या आड घरात एकच माणूस येत असे, सासूबाई. त्यांची सगळी नोकरी एका दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत गेली होती. जुन्या चादरी यायच्या, धुऊन उकळून निघायच्या, आणि सासूबाई त्यांच्या पट्ट्या फाडायच्या. कात्रीची एक टोच, दोन्ही हातांची पकड, आणि श्वास सोडता सोडता एक सरळ ओढ. चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत धाग्याच्या वाटेने फाटत जायची. "कात्रीने कापलेली पट्टी तिरकी जाईल," त्या सांगत, "माझी फाडलेली जाणार नाही. डॉक्टर यायचे बघायला." कुठले डॉक्टर आणि किती वेळा, हे कुणी विचारत नसे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे एका घरात दोन फाडणाऱ्या राहत होत्या. सुनेने शास्त्र सांगितलं की सासूबाई म्हणत, "प्लॅस्टिक फाडण्यात कसलं आलंय कौशल्य? कापड फाडून दाखव." सुनेने एकदा खरंच जुना पडदा फाडून दाखवला. तो सरळ फाटला, पण जुना नव्हता. हा विषय त्यानंतर बरेच दिवस पुरला.

आणि या दोघींच्या मधे जो बसे, तो एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, धंद्याने फरशा बसवणारा. टाइलवर चाकाने रेघ ओढायची, रेघेखाली काडी ठेवायची, दोन्हीकडून हलकं दाबायचं, टक्, दोन तुकडे. "चिरेला वाट दाखवावी लागते," तो म्हणे. एवढं तत्त्वज्ञान त्याला आयुष्याला पुरत होतं. बाकी वेळ तो जेवत असे.

तर एका रविवारी सकाळी काय झालं, ते ऐका.

सासूबाई रोज सकाळी पोट साफ होण्याची पावडर घेत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नाही असं सासूबाईंना वाटत होतं. त्या न्हाणीघराचं दार लावून घेत, नळ सोडत, म्हणजे पाकिटाचा आवाज बाहेर जायला नको, आणि ग्लास धुऊनच बाहेर येत. त्या रविवारीही नळ सुटला. आणि नळाच्या आवाजावर मात करून आतून खणखणीत 'टक्' असं ऐकू आलं.

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "टाइल फुटली," तो म्हणाला.

"आई, काय झालं?" इथूनबाईने दाराशी जाऊन विचारलं. नळ बंद झाला. दार उघडलं, आणि सासूबाई तोंडावर रुमाल घट्ट धरून बाहेर आल्या, कुणाकडे न बघता खुर्चीत बसल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. चहा पुढे केला, त्यांनी मान हलवली. बिस्किट पुढे केलं, तर असं काही बघितलं की इथूनबाईने ते स्वतःच खाऊन टाकलं.

"आई रुसलीय," नवरा कुजबुजला. "तू काय केलंस?"

काय केलं हे आठवत नसलं की माणूस केलेलं सगळंच कबूल करायला लागतो. "काल आमटी खारट झाली ना, चुकलं माझं," इथूनबाई म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली, ते नाही. "तुमचा चष्मा मी उचलून ठेवला होता." ते नाही. "परवा तुमच्या भाचीचा फोन आला होता, तो सांगायचा राहिला." सासूबाईंचे डोळे विस्फारले. ही बातमी त्यांना नवीन होती. इथूनबाई पुढे काही कबूल करणार एवढ्यात त्यांनी रागाने रुमाल खाली टाकला, आणि त्यातून वरच्या दातांची कवळी बाहेर आली. दोन तुकड्यांत.

इथूनबाईने तुकडे उचलले. कवळीला पुढे मधोमध एक बारीक खाच असते, ओठाच्या आतला पडदा अडू नये म्हणून ठेवलेली. कवळी बरोबर त्या खाचेतून फुटली होती. तिथून निघालेली चीर पुढच्या दोन दातांच्या मधून, टाळूवरून, थेट मागच्या कडेपर्यंत गेली होती. ना कुठे वळण, ना कुठे कपची. आयुष्यभर इथूनबाई जे पाकिटांकडून करून घ्यायला धडपडत होती, ते या कवळीने एका फटक्यात करून दाखवलं होतं. तिने दोन तुकडे उजेडात धरले, एकमेकांना लावून पाहिले, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सुनेच्या तोंडून निघालं नसतं ते तिच्या तोंडून निघालं.

"अय्या, किती सरळ फुटलीय!"

बोलणारीलाही बोलून झाल्यावर कळलं की काय बोललो. सासूबाईंनी हळूच हात पुढे केला, आपले तुकडे परत घेतले आणि मुलाकडे वळल्या. दातांवाचून शब्द ओठांतून निसटत होते, पण धार तीच होती.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "तिच्या पाकिटाने माझेच दात माझ्या घशात घालायचं बाकी ठेवलं होतं. आणि ती कौतुक बघत बसलीय."

"जाऊ दे ना आई," नवरा समजुतीने म्हणाला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

ही म्हण त्याने दुसऱ्या कुठल्याही दिवशी वापरली असती तर चाललं असतं.

न्हाणीघरात इथूनबाईला पाकीट सापडलं. खाचेपासून बोटाच्या पेराएवढं फाटलं होतं, मग चीर सरळ न जाता वाकडी होऊन कडेकडे पळाली होती आणि चिकटवलेल्या जाड कडेत जाऊन अडकली होती. त्यापुढे सगळीकडे दातांचे व्रण. मागच्या बाजूला कोपऱ्यात कारखान्याची खूण होती. तिचाच कारखाना, तिच्याच टेबलावरून पास झालेला माल.

दुपारी नवऱ्याने कवळी जोडायला घेतली. फरशी चिकटवायचा मसाला आणला, दोन तुकडे जुळवले, पट्टी लावून दाबून ठेवले. "हत्तीने ओढलं तरी हा जोड सुटणार नाही," त्याने सांगितलं, आणि तो खरं बोलत होता. संध्याकाळी सासूबाईंनी सूपमधे बुडवलेल्या पावाचा पहिला घास चावला, आणि कवळी जोडाच्या शेजारी, जोडाला धक्काही न लावता, नव्याने फुटली. जोड पक्का झाला म्हणून ओढ काही नाहीशी होत नाही, ती शेजारी सरकते. हे इथूनबाईला आधीच ठाऊक होतं. पण या वेळी तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून सासूबाई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. दोघी एकाच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर, आणि निरोप्या मुलगा बाहेरून बोलावला जायचा. "सांग तिला, गॅस बारीक कर." "आई म्हणतेय गॅस बारीक कर." "अहो, ऐकलं मी." "ती म्हणते, ऐकलं." बिचाऱ्याच्या फरशा तिरक्या बसू लागल्या. नवी कवळी तयार व्हायला वेळ लागणार होता, आणि तोवर सासूबाई सूप पीत आणि अबोला चावत होत्या.

सोमवारी इथूनबाईने त्याच मालातली राहिलेली पाकिटं काढली आणि एकेक फाडून पाहिली. टर्रकन. टर्रकन. टर्रकन. पैलवानाचाही काटा जागच्या जागी. तपासणीच्या खोलीतल्या सगळ्यांनी निकाल दिला, "नाचता येईना, अंगण वाकडं. म्हातारं माणूस, घाईने ओढलं असेल." इथूनबाईलाही मनातून तसंच वाटलं, आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं. तिने मूठभर पाकिटं पर्समधे टाकली. घरी जाऊन, नवऱ्यामार्फत का होईना, आपल्या मालात खोट नाही हे सिद्ध करून दाखवायचं असं तिने ठरवलं होतं.

घरी आली तेव्हा नवरा आला नव्हता. पाकिटं तिने ओट्यावर ठेवली आणि कपडे बदलायला गेली. परत येताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली.

सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी त्यातलं एक पाकीट उचललं होतं. दोन्ही हातांनी खाचेच्या अलीकडे पलीकडे धरलं, श्वास घेतला, आणि श्वास सोडता सोडता सरळ ओढलं, अगदी चादर फाडावी तसं. अंगठा सरकला. त्यांनी अंगठा कपड्याला पुसला आणि पुन्हा धरलं. पुन्हा सरकला. तिसऱ्या खेपेला पाकीट हातातून निसटून खाली पडलं. त्या वाकल्या, ते उचललं, आणि मग काही न करता नुसत्या आपल्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

इथूनबाईला एकदम सगळं कळलं. दात लावायची ती खोड नव्हती. बोटांत पकडच उरली नव्हती, कधीपासून कोण जाणे, आणि ते या घरात, या सुनेसमोर कळू नये म्हणून नळ सोडून, दार लावून, दातांनी निभावणं चाललं होतं. पावडर लपवत नव्हत्या त्या, बोटं लपवत होत्या. आणि आपण पर्समधून पाकिटं घेऊन आलो होतो सिद्ध करायला! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती पाय न वाजवता मागे सरली, बाहेरच्या दारापर्यंत गेली आणि आत्ताच आल्यासारखा दाराचा आवाज करून पुन्हा आत आली.

तोवर ओट्यावर पाकिटं जशीच्या तशी होती. एक मात्र पेराएवढं फाटलेलं होतं, वाकडं, कडेकडे पळालेलं. अगदी रविवारच्यासारखं.

आता ती नीट बघू लागली. स्वतःच एक पाकीट धरलं, सावकाश फाडलं, आणि आपली बोटं काय करतात ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बोटं फसवत होती! चीर जरा कुठे वळतेय असं वाटलं की मनगट आपोआप फिरत होतं, चिमूट चिरेच्या टोकाशी सरकत होती, आणि पळून जाणाऱ्या चिरेला कान धरून वाटेवर आणत होती. म्हणजे पाकीट नीट फाटत नव्हतंच, तीच ते नीट फाडत होती. पाकीट कितीही नाठाळ असो, तिच्या टेबलावर ते पास होणार. पैलवानाचंही तसंच. त्याला पट्टी ज्या बाजूने कापून द्यावी त्या बाजूने तो ओढणार, पाकिटावर खाच कुठे आहे ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिने नवऱ्याचं वर्तमानपत्र ओढलं. उभं फाडलं, शेवटापर्यंत सरळ गेलं. आडवं फाडलं, दोन बोटं जातंय न जातंय तोच वाकडंतिकडं. कागद काय, प्लॅस्टिक काय, बनवताना ज्या दिशेला ओढून रिळावर गुंडाळतात तिकडे त्याचा कल राहतो, आणि चीर त्या कलाने जाते. नवरा आला तेव्हा त्याचं न वाचलेलं वर्तमानपत्र पट्ट्या होऊन जमिनीवर पसरलं होतं आणि बायको आनंदाने त्यात बसली होती. त्याने काही विचारलं नाही. घरात बोलणाऱ्यांची संख्या आणखी कमी व्हायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने कापणीवाल्याला गाठलं. हा मोठा उत्साही गृहस्थ. "रिळावर पाकिटं तू आडवी मांडायला लागलास ते आठवतं?" तिने विचारलं.

"आठवतं की! तुम्हीच सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या होत्या," तो म्हणाला. "आडवी मांडली की कडेची चिंधी वाया जात नाही."

टाळ्या तिने वाजवल्या होत्या हे खरं. चिंधी वाचली, आणि पाकिटाची खाच मात्र कलाच्या आडवी झाली. ती साहेबांकडे गेली.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण पाकिटं उघडून देणारं माणूस त्यांच्या हाताशी कायम असे. "पैलवानात पास, हाताने पास," ते म्हणाले. "आणि हाताने पास कुणी केलं, इथूनबाई? तुम्हीच. आता तुम्हीच म्हणता उघडत नाही. मग माझ्यासमोर न उघडून दाखवा."

तिने मनापासून प्रयत्न केला. सरळ ओढायचं, मनगट फिरवायचं नाही, असं स्वतःला बजावत पाकीट धरलं. टर्रकन फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. मेली बोटं ऐकतच नव्हती. साहेब हसले. कापणीवाल्याच्या हातूनही पाकीट फाटलं, तोही याच धंद्यातला. साऱ्या कारखान्यात पाकीट न फाडता येणारं माणूस औषधालाही नव्हतं.

असं माणूस एकच होतं, आणि ते तिच्याशी बोलत नव्हतं.

नुसतं बोलत नव्हतं एवढंच असतं तर तिने पाय धरले असते. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, आई, तुमच्या हातात जोर नाही हे मला कळलंय, आणि आता ते चार लोकांसमोर दाखवायला चला. एका फाडणारीने दुसरीला हे कसं सांगायचं? दोन दिवस ती भांडी जरुरीपेक्षा जास्त घासत राहिली. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला दोघींच्या मधे बसवलं आणि ताटाकडे बघत म्हणाली,

"आईंना सांगा, माझे हात बिघडलेत."

नवरा घास तोंडाशी घेऊन थांबला. "तुझे?"

"माझेच. काहीही दिलं तरी फाडतात. वाईट मालही फाडतात. त्यांच्यावर आता भरवसा ठेवता येत नाही. मी पास केलेल्या पाकिटांवर न जाणो किती जणांचे दात गेले असतील." तिने ताट जरा पुढे सरकवलं. "मला साहेबांसमोर आईंचे हात हवेत. आहेत तसे."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. मग मुलाला म्हणाल्या, "विचार तिला, तिने कधी पाहिलं?"

"सोमवारी," इथूनबाई नवऱ्याची वाट न बघता म्हणाली. "दाराशी होते मी."

"आणि दार वाजवून परत आत आली, नाही का?" सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "मला वाटलंच. एवढ्या जोरात कोण दार लावतं स्वतःच्या घराचं."

मग त्यांनी सूप संपवलं, वाटी स्वतः धुतली. जाता जाता मुलाला म्हणाल्या, "सांग तिला. कवळी बसली की बघू. तोंडाचं बोळकं घेऊन मी कुठल्या साहेबासमोर जाणार नाही."

"आई म्हणतेय, कवळी—" नवऱ्याने सुरुवात केली.

"अहो, जेवा तुम्ही," इथूनबाई म्हणाली.

नवी कवळी बसली. दाताच्या डॉक्टरांनी बजावलं, पाकिटं, बाटल्या, दोरे, काहीही यात धरायचं नाही. आणि एके दिवशी दुपारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून तपासणीच्या खोलीत येऊन बसल्या. साहेबांनी आपली खुर्ची दिली. कापणीवाला होता, दाराशी आणखी दोघंतिघं रेंगाळत होते. इथूनबाईने टेबलावर दोन ढीग ठेवले. एक नेहमीच्या मालाचा. दुसरा कापणीवाल्याकडून मिनतवाऱ्या करून करवून घेतलेला, पाकिटं पूर्वीसारखी उभी मांडून.

"सावकाश, आजी," साहेब म्हणाले. "घाई नाही."

सासूबाईंनी पहिल्या ढिगातलं पाकीट घेतलं. धरलं. ओढलं. अंगठा सरकला. पुन्हा धरलं. पेराएवढं फाटलं, चीर कडेला पळाली आणि अडली. त्यांनी आणखी ओढलं. हात थरथरायला लागले, ते सगळ्यांना दिसलं, आणि खोलीत कुणी हलेना. इथूनबाईच्या बोटांना अशी खाज सुटली की तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. एका क्षणाला तिला वाटलं, चुलीत गेली ती पाकिटं, आईंना घेऊन घरी जावं. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी मान खाली घालून आपलेच बूट बघू लागलं. साहेबांचंही हसू मावळलं होतं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांचं सगळं लक्ष पाकिटात होतं, आणि त्या नादात, सवयीने, त्यांनी ते तोंडाकडे नेलं.

"नको!" सगळी खोली एकदम ओरडली. दाराशी रेंगाळणाऱ्यांपैकी एक जण तर धावतच पुढे आला. सासूबाईंनी दचकून पाकीट खाली ठेवलं आणि मग, नव्या कोऱ्या दातांनी, खुदकन हसल्या.

"मला द्या बघू," साहेब म्हणाले. त्यांनी पाकीट घेतलं आणि सासूबाईंनी धरलं होतं तसंच, सरळ, पण दणदणीत ओढलं. पाकीट आधी लांबलं, मग पांढरं पडलं, आणि मग एकदम मधोमध फुटलं. पोट साफ होण्याची पावडर साहेबांच्या शर्टावर, टायवर आणि भुवयांवर समान वाटली गेली. साहेब काही वेळ नुसते उभे राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "हं." त्यांच्या 'हं'चा अर्थ काय हे कारखान्यात सगळ्यांना कळत असे. कापणीवाला आपली टोपी चाचपू लागला.

"आता हे," इथूनबाईने दुसऱ्या ढिगातलं पाकीट पुढे सरकवलं.

सासूबाईंनी ते हातात घेतलं, पण लगेच ओढलं नाही. आता इथेही जमलं नाही तर? हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला, तो इथूनबाईला दिसला, आणि तिच्याही मनात तोच आला. कारण आडवं उभं, कल, खाच हे सगळं शास्त्र तिने मांडलेलं होतं, पण हात आईंचे होते. सासूबाईंनी अंगठे टेकवले. श्वास घेतला. आणि श्वास सोडता सोडता ओढलं.

टर्रकन.

वरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निघून त्यांच्या उजव्या हातात आली. पावडरीचा कणही सांडला नाही. सासूबाई हातातल्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग दुसरं पाकीट घेतलं, टर्रकन. तिसरं, टर्रकन. साहेबांनी भुवया झटकत "पुरे, आजी, पटलं" म्हटलं, पण त्यांना ते ऐकू आलं नसावं. त्या पाठ ताठ करून खुर्चीत बसल्या होत्या, खांदे मागे, कोपर अंगालगत, आणि ढीग भराभर उतरत होता. दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत त्या कशा बसत असतील ते इथूनबाईने कधी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. डॉक्टर खरंच येत असतील बघायला.

ढीग संपला तेव्हा त्यांनी शेवटची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. कडेवरून बोट फिरवलं. मग आजूबाजूला पाहिलं. मुलगा इथे नव्हता, निरोप द्यायला कुणी नव्हतं. त्यांनी सुनेचा पाठीमागे बांधलेला हात ओढून पुढे घेतला आणि पट्टी तिच्या तळहातावर ठेवली.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "किती सरळ फाटलंय!"

इथूनबाई पट्टी बघायला वाकली, पण डोळे भरून आल्यामुळे तिला ती धड दिसेना.

"हो ना, आई," ती म्हणाली, "किती सरळ."